सगे, सोयरे आणि कुन्यादो

२६ जानेवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने एक मसुदा काढला आणि लग्नाच्या मांडवात माइकवरून पुकारला जाणारा ‘सगेसोयरे’ हा शब्द राजपत्रात जाऊन बसला. मनोज जरांगे पाटलांचा मराठा आरक्षणासाठीचा मोर्चा तेव्हा वाशीपर्यंत येऊन थडकला होता. मागणी थोडक्यात अशी: ज्या मराठा कुटुंबांच्या जुन्या कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद सापडली, त्यांच्या सगेसोयऱ्यांनाही त्याच नोंदीच्या आधारावर कुणबी प्रमाणपत्र मिळावं. कुणबी ओबीसीत येतात, त्यामुळे ओबीसी नेत्यांनी याला मागच्या दाराने प्रवेश म्हटलं. छगन भुजबळ मंत्रिमंडळात असूनही उघड विरोधात उभे राहिले. हरकतींसाठी १६ फेब्रुवारीपर्यंत मुदत होती, हरकतींचा ढीग पडला.

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, नवरा स्पेनचा, घर वायादोलिदला. ‘सोयरा म्हणजे नेमका कोण?’ या प्रश्नावर तिकडे माहेरच्या ग्रुपवर रात्री-अपरात्री हातघाई चालू असताना इकडे माझ्या तोंडी उठसूट येणारा शब्द होता ‘कुन्यादो’. मी कोणत्या बाजूची, असं काही वाचकांना लगेच वाटेल आणि ते आडनाव शोधतील. ते इथे सापडणार नाही. आरक्षण कुणाला मिळावं याचा निकाल इतक्या लांब बसून देण्याचा माझा इरादाही नाही. मला बोलायचंय ते सोयऱ्यांच्या कागदाबद्दल, आणि त्यासाठी हा स्पॅनिश शब्द आधी थोडा सोलावा लागेल.

कुन्यादो म्हणजे नवऱ्याचा किंवा बायकोचा भाऊ. बहिणीचा नवराही कुन्यादोच. बाई असेल तर कुन्यादा. म्हणजे आपले दीर, मेव्हणा आणि दाजी हे तिघे एका शब्दात कोंबलेले, आणि नणंद, वहिनी, मेव्हणी या तिघी दुसऱ्यात. शब्द आला लॅटिनमधल्या ‘कोग्नातुस’वरून. ‘को’ म्हणजे सह, ‘ग्नातुस’ म्हणजे जन्मलेला. त्या ‘ग्नातुस’चं आणि आपल्या ‘जन्’, ‘जात’ यांचं मूळ एकच. कोग्नातुस म्हणजे रक्ताचा नातेवाईक. जुन्या काळच्या स्पॅनिशमध्ये कुन्यादो हा कुठलाही नातलग असू शकत होता, रक्ताचा किंवा लग्नाचा. पुढे रक्ताचा अर्थ गळून गेला आणि उरला तो फक्त लग्नाने जोडलेला माणूस. ज्याच्याशी रक्ताचा काडीचा संबंध नाही, त्यालाच रक्ताच्या नात्याचं नाव चिकटलं.

स्पॅनिश लोकांना हसायच्या आधी ‘सोयरा’कडे बघावं. संस्कृतात ‘सोदर’ म्हणजे एका उदरातून आलेला, सख्खा भाऊ. प्राकृतात त्याचा ‘सोअर’ झाला, मराठीत ‘सोयरा’. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच उडी मारली: सख्ख्याचा शब्द उचलला आणि लग्नातल्या माणसाला दिला. याचं कारण मला तरी उघड दिसतं. ज्या घरात मुलगी दिली त्या घरावर भरवसा ठेवायचा तर त्याला सख्ख्याचा दर्जा द्यावाच लागतो, आणि दर्जा द्यायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे शब्द. आज आपण ‘सगे’ म्हणजे रक्ताचे आणि ‘सोयरे’ म्हणजे लग्नाचे अशी फाळणी करतो, मसुद्यावरचे वादही त्याच रेषेवर झाले. शब्दाच्या जन्मदाखल्यात मात्र सोयराही सगाच आहे.

कोग्नातुसची दुसरी बाजू अधिक कामाची आहे. रोमन कायद्यात नातेवाइकांचे दोन गट होते. अग्नाती म्हणजे फक्त पुरुषांच्या रेषेतून जोडलेले: बाप, चुलते, चुलत भाऊ. आपल्याकडच्या शब्दात सांगायचं तर भावकी. कोग्नाती म्हणजे रक्ताचे सगळेच, आई, आजी, बहीण यांच्याकडून आलेलेसुद्धा. जुन्या कायद्यात वारसा आधी अग्नातींकडे जायचा. बाईकडून जोडलेल्यांचा नंबर नंतर, उरलं तर. शतकानुशतकं हा भेद थोडाथोडा झिजला, आणि इ.स. ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने आपल्या ११८व्या नव्या फर्मानाने तो वारसाहक्कातून काढूनच टाकला. म्हणजे कुन्यादो हा शब्द ज्या घराण्यातून आला, ते घराणं बाईमार्फत जोडलेल्या माणसाला नातेवाईक मानणारं होतं. हे इथे नोंदवून ठेवते, पुढे लागेल.

आता थोडं विषयांतर. आपल्याकडे दर दिवाळीत एक मजकूर फिरतो: इंग्रजी ‘अंकल-आंटी’ने काका, मामा, मावशी, आत्या गिळले, शब्द गेले की नाती जातात, वगैरे. स्पेनमध्ये राहून मला हा मजकूर पटेनासा झालाय. लॅटिनमध्ये नवऱ्याच्या भावाला ‘लेविर’ असा वेगळा शब्द होता. तो आणि आपला ‘दीर’ एकाच मुळाचे. दोन भावांच्या बायकांना ‘यानित्रिसेस’ म्हणत. ती आपली ‘जाऊ’. स्पॅनिशने सासू ठेवली (‘स्वेग्रा’ आणि ‘सासू’ एकाच मुळाच्या), सूनही ठेवली (‘न्वेरा’ आणि ‘सून’सुद्धा), पण दीर आणि जाऊ हे खास शब्द वाटेत सांडले. म्हणून इथे दीर नाही असं नाही. तो दर रविवारी जेवायला येतो आणि उठायचं नाव घेत नाही. मोठी झालेली मुलं तिशीपर्यंत आईबापांच्या घरी राहतात, नातवंडांना शाळेतून आणायला आजोबा उभे असतात. शब्दांचा दुष्काळ पडला म्हणून माणसांचा पडला नाही. आणि आपल्याकडे शब्दांची जी श्रीमंती आहे, तिच्यात मायेइतकाच मानपानही भरलेला आहे, हे एकदा मान्य करायला हरकत नसावी. दिराला ‘भाऊजी’ म्हणायचं, त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा. बायकोच्या भावाला मात्र नावानं हाक, आणि जरा लांबचा कुणी असेल तर ‘साला’ ही शिवी. मी इथे दिराला नावानं हाक मारते. हे आईला अजून पचलेलं नाही.

कुन्यादोला मान नाही, पण त्याच्यावर विनोद भरपूर आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्पेनमध्ये ‘कुन्यादो’ हा एक नमुनाच झालाय: नाताळच्या जेवणाला येणारा, वाइनपासून घराच्या कर्जापर्यंत सगळ्यातलं कळणारा, तुम्ही घेतलेली प्रत्येक वस्तू कुठे अर्ध्या किमतीत मिळाली असती हे सांगणारा. त्यावरून ‘कुन्यादिस्मो’ हा शब्द निघाला आणि तो राजकारणातही एकमेकांच्या तोंडावर फेकला जातो. जुनी म्हण तर अशी आहे की कुन्यादो एकत्र आणि गुण्यागोविंदाने दिसले, तर ते बहुधा वारलेले असावेत. पण या सगळ्या कुन्यादोंचा राजा म्हणजे रामोन सेरानो सुन्येर. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याला लोक ‘हेनेरालीसिमो’ म्हणत, सेनापतींचा सेनापती. म्हणून सेरानो सुन्येरला ‘कुन्यादीसिमो’ म्हणू लागले. १९३८ पासून गृहमंत्री, ऑक्टोबर १९४० ते सप्टेंबर १९४२ परराष्ट्रमंत्री. गंमत अशी की तो फ्रँकोचा मेव्हणा नव्हताच. फ्रँकोची बायको कार्मेन पोलो, आणि तिची बहीण झिता ही सेरानोची बायको. म्हणजे तो साडू. स्पॅनिशमध्ये साडूला ‘कोनकुन्यादो’ असा शब्द आहे, पण टोपणनावासाठी कुणी तो वापरला नाही. मराठी माणसाने हे नाव ठेवलं असतं तर पहिल्या फटक्यात ‘महासाडू’ म्हटलं असतं.

विनोद एका बाजूला. कायद्यात कुन्यादोचं स्थान बघून मी चकित झाले. स्पेनच्या कामगार कायद्याचं कलम ३७ सांगतं की जवळच्या माणसाला गंभीर आजार झाला, रुग्णालयात दाखल करावं लागलं किंवा शस्त्रक्रियेनंतर घरी काळजी घ्यावी लागली, तर कामगाराला पाच दिवस भरपगारी रजा. हे पाच दिवस जून २०२३ च्या फर्मानाने आले, आधी दोनच होते. जवळचा माणूस कोण? ‘रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याने दुसऱ्या पायरीपर्यंतचा.’ पायऱ्या मोजायची रीत रोमनांचीच: समान पूर्वजापर्यंत वर चढायचं आणि पलीकडे खाली उतरायचं. भाऊ दुसऱ्या पायरीवर, म्हणून नवऱ्याचा भाऊही दुसऱ्या पायरीवर. दिराचं अपेंडिक्स काढलं तर मला हक्काची रजा मिळते. साडूसाठी किंवा जावेसाठी मिळत नाही. लग्नाच्या नात्यातून पुढे आणखी लग्नाचं नातं फुटत नाही, असं कायद्याचं म्हणणं. शिवाय त्याच कलमात एक जादा सोय आहे: नात्यात नसलेला, पण एकाच घरात राहणारा आणि तुमच्या काळजीची गरज असलेला माणूसही चालतो. कलमात नवऱ्याकडचे आणि बायकोकडचे असा भेद नाही. पुरुष स्वतःच्या सासूसाठी रजा टाकतो आणि कचेरीत कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

आपल्याकडे कायद्यात सासरची माणसं ठळकपणे कुठे भेटतात? मला पटकन आठवलं ते कलम ४९८-अ, १९८३ साली आलेलं, आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालेलं: ‘पती किंवा पतीचे नातेवाईक’ यांनी केलेला छळ. ते कलम हवंच, त्याची गरज रोजची वर्तमानपत्रं सिद्ध करतात. पण सोयरे एका देशात रजेच्या कलमात आणि दुसऱ्या देशात छळाच्या कलमात भेटावेत, हे काही बरं लक्षण नाही.

सोयरीक कशासाठी सांगितली जाते, याचा एक दाखला स्पॅनिश इतिहासातच आहे आणि तो फारसा गोड नाही. पाराग्वेची राजधानी असुन्सियोन १५३७ मध्ये वसली. तिथल्या गुआरानी लोकांनी स्पॅनिश शिपायांना मुली दिल्या. गुआरानी रिवाजात सोयरीक झाली की मुलीचे भाऊ शेतात हात लावायला येत, लढाईत साथ देत. त्यांचा शब्द होता ‘तोवाहा’, स्पॅनिशांनी त्याचा कुन्यादो केला. गुआरानींच्या हिशेबात देणंघेणं दोन्हीकडून होतं. स्पॅनिशांनी घेणं तेवढं लक्षात ठेवलं, एकेकाने अनेक घरांशी सोयरीक लावली आणि मेव्हण्यांना राबवून घेतलं. १५४० च्या दशकात बंडं झाली. १५५६ मध्ये गव्हर्नर इरालाने गुआरानींची माणसं सरळ स्पॅनिशांना वाटून दिली, वेठीच्या कामासाठी. तिथून पुढे मेव्हणा हा शब्द वापरायची गरजही उरली नाही.

आता मराठवाड्यात येते.

आमच्याकडे भावकी आणि सोयरे यांच्यातला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भावकी म्हणजे ज्यांच्याशी बांधावरून भांडण आहे ते. सोयरे म्हणजे ज्यांच्याकडे भांडण झाल्यावर रात्री मुक्कामाला जायचं ते. कर्ज काढायला जामीन लागला, पोराला शिकायला शहरात ठेवायचं झालं, दवाखान्यात डबा पोचवायचा झाला, की सोयरे. आंदोलकांचा मुद्दाही याच जगण्यातून आला होता आणि तो विरोधकांनीही नीट ऐकायला हवा होता: पैनगंगेच्या अलीकडे मराठा लिहिलेले आणि पलीकडे विदर्भात कुणबी लिहिलेले यांच्यात पिढ्यानपिढ्या मुली दिल्या-घेतल्या गेल्यात. रोटीबेटी एक, मग जात दोन कशा? ओबीसींचा मुद्दाही तितकाच जगण्यातला आहे. सोयरीक अशी चीज आहे की ती धरत गेलं तर जिल्हा संपतो पण सोयरे संपत नाहीत, आणि मग पडताळणीला अर्थ काय राहतो?

मला मात्र मसुद्यातल्या व्याख्येनेच अडवलं. तिचा आशय असा: अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जे नातेवाईक तयार झाले, ते सगेसोयरे. पुन्हा वाचा. वडील, आजोबा, पणजोबा. ही लग्नं ज्यांच्याशी झाली त्या आई, आजी, पणजी त्या वाक्यात नाहीत. सोयरीक होते ती एक मुलगी एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाते म्हणून. ती गेली नाही तर सोयरा नावाचा प्राणी जन्मतच नाही. आणि सोयऱ्यांच्या व्याख्येत तिचाच पत्ता नाही. पुढे दीडेक वर्ष तो मसुदा मसुदाच राहिला. मग मुंबईच्या आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामकाळच्या जुन्या नोंदी धरायचा, शासन निर्णय आला, तर त्यात गावातल्या किंवा ‘कुळातल्या’ नात्यातल्या माणसांच्या प्रतिज्ञापत्रांची भाषा होती. सोयऱ्यांसाठी सुरू झालेली गोष्ट कुळापाशी येऊन थांबली. रोमन भाषेत, कोग्नाती मागायला गेले आणि अग्नाती घेऊन आले.

आंदोलकांनी किंवा सरकारने हे मुद्दाम केलं, असं मी म्हणणार नाही. कारण त्याहून साधं आहे: बाईकडचा कागदच नाही. जात पडताळणीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, पिशवीत काय असतं. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, पणजोबांचं नाव असलेला जुना सातबारा किंवा खासरापत्र, मोडीतला एखादा कागद आणि त्याचं लिप्यंतर, वंशावळ. यात आजी कुठेही नाही. ती शाळेत गेली नाही, म्हणून निर्गम उतारा नाही. जमीन तिच्या नावावर नव्हती, म्हणून सातबारा नाही. असलीच तर नवरा वारल्यावर त्याच्या नावाखाली ‘वारस’ म्हणून. त्यात लग्नात तिचं आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि बऱ्याच घरांत तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने लिहून पहिलं नावही बदललं. माहेरची एक बाई गेली आणि सासरी दुसरीच बाई उगवली. दोघी एकच आहेत हे सांगणारा सरकारी कागद कुठेच नाही. पुरावा काय, तर ‘तुमच्या गावात आमची आत्या दिलेली’ हे वाक्य, आणि ते वाक्य म्हणणारी माणसं आता एकेक करून जातायत. म्हणून सोयरे सिद्ध करायचे म्हटलं की प्रतिज्ञापत्र आणि गृहचौकशी यांच्याशिवाय हातात काही उरत नाही. ओबीसींची खोट्या दाखल्यांची भीती आणि मराठ्यांची खऱ्या सोयरिकीला पुरावा न मिळण्याची चीड, दोन्हींचं मूळ त्याच रिकाम्या जागेत आहे.

इथे, वायादोलिदला, ती जागा भरलेली आहे. स्पेनमध्ये बाई लग्नात नाव बदलत नाही. माझ्या सासूबाई जन्मल्या त्या नावाने पेन्शन घेतात आणि त्याच नावाने जातील. प्रत्येक माणसाला दोन आडनावं: एक बापाचं, एक आईचं. सरकारी नागरी नोंदणी १८७१ ला सुरू झाली, आणि दोन आडनावांची रीत एकोणिसाव्या शतकातच कायद्यात पक्की झाली. त्याआधीचं काम चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या करत होत्या आणि त्यांत आईचं नाव आडनावासकट सापडतं. त्यामुळे कोण कुणाचा कुन्यादो हे इथे कागदावरून वाचता येतं. मांडवात कोण कुठे बसलं होतं ते आठवावं लागत नाही. मोठ्या माणसांची उदाहरणं बघा. चित्रकार वेलास्केसच्या बापाचं आडनाव रोद्रिगेस दे सिल्वा. वेलास्केस हे आईचं. पिकासो हेही आईचंच, बापाचं रुइस.

पद्धत निर्दोष नाही. आईचं जे आडनाव मुलाला मिळतं ते तिच्या बापाचं असतं, आणि नातवापर्यंत ते पुसलं जातं, कारण पुढच्या पिढीकडे पहिलं आडनावच जातं. बापाचं आधी की आईचं आधी, हे निवडायची मुभा १९९९ च्या कायद्याने आली, आणि ३० जून २०१७ पासून ‘न सांगितल्यास बापाचं आधी’ हा नियमही गेला. आईबापांनी मिळून ठरवायचं. बहुतेक घरं अजूनही बापाचंच आधी लावतात. आम्हीही.

आणि या कागदपत्रांच्या प्रेमाची स्पेनने मोजलेली किंमतही सांगायला हवी, नाहीतर हा लेख परदेशाची आरती होईल. मी राहते त्या शहरात जुन्या राजन्यायालयाचं, ‘चान्सियेरिया’चं, दफ्तर आहे. त्यात ‘इदाल्ग्वीया’चे हजारो दावे पडून आहेत. इदाल्गो म्हणजे करातून सूट असलेला खानदानी माणूस. गावोगावचे लोक आपण इदाल्गो आहोत हे सिद्ध करायला इथे येत. गाव विरोधात उभं राहायचं, कारण एकाला सूट म्हणजे बाकीच्यांवर बोजा. साक्षीदार म्हाताऱ्या माणसांतून निवडायचे आणि त्यांना विचारायचं: याचा बाप, याचा आजा कर भरायचे का? वाचताना जालना-बीडची आठवण येत नाही असं कुणी म्हणू नये. त्याच्या जोडीला होती ‘लिंपिएसा दे सांग्रे’, रक्तशुद्धी. १४४९ मध्ये तोलेदोत सुरू झालं की पूर्वजांत ज्यू असलेल्यांना शहराची पदं नाहीत. मग चर्चची मंडळं, विद्यापीठांची वसतिगृहं, लढवय्यांचे संघ, सगळीकडे पसरलं. धर्मन्यायालयाने शिक्षा केलेल्यांचे अंगरखे, नावासकट, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवत, नातवंडांनाही गावाने विसरू नये म्हणून. पदासाठी अर्ज केला की चौकशी अधिकारी चारही आजी-आजोबांच्या गावी जायचे. इथे मात्र आईची बाजू बापाइतकीच मोजली जायची, कारण डाग शोधायचा होता. १८६५ मध्ये कायद्याने हे शेवटचं संपलं.

वेलास्केसलाही यातून जावं लागलं. राजाचा लाडका चित्रकार, पण सांतियागो या लढवय्यांच्या संघाचा सरदार व्हायचं तर १६५८-५९ मध्ये शंभराहून जास्त साक्षीदार तपासले गेले. त्याच्या आजोबांचं मूळ पोर्तुगालचं, आणि पोर्तुगालशी युद्ध चालू, म्हणून अधिकाऱ्यांनी सरहद्दीजवळच्या गावांत जाऊन विचारणा केली. इतर चित्रकारांनी येऊन साक्ष दिली की यानं चित्रं कधी विकली नाहीत, तो फक्त राजाच्या आवडीखातर काढतो. रक्त शुद्ध ठरलं. अडलं कुठे? बापाची आई आणि आईचे आईबाप यांचं खानदानीपण सिद्ध होईना. म्हणजे तीन आजी-आजोबा अडले ते बायकांच्या बाजूचे. शेवटी पोपची खास सूट आणावी लागली, आणि मग संघाची खूण असलेला लाल क्रूस छातीवर आला.

म्हणून माझं म्हणणं ‘कागद आला की न्याय आला’ इतकं भाबडं नाही. कागद कशासाठी मागतात यावर सगळं अवलंबून आहे. पण आपल्या राज्याने दाखल्यांचा कारभार कागदावरच चालवायचं ठरवलंच आहे, तर त्या कागदावर अर्धी माणसं नसावीत, एवढंच.

याला उत्तर म्हणून मला ११ मार्च २०२४ चा मंत्रिमंडळाचा निर्णय दाखवला जातो. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. चांगला निर्णय आहे, मनापासून. मुख्यमंत्र्यांच्या-उपमुख्यमंत्र्यांच्या दारावरच्या पाट्याही बदलल्या. पण बघा काय आलं आणि काय राहिलं. आलं ते आईचं पहिलं नाव, बहुतेक घरांत सासरी ठेवलेलंच. तिचं आडनाव, तिच्या बापाचं, तिच्या आईचं नाव, तिचं गाव, म्हणजे ज्या धाग्याला ओढल्यावर सोयरे सापडतात तो धागा, आलाच नाही. शिवाय त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी सध्याचीच पद्धत चालू ठेवली: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. मालमत्तेच्या कागदात लग्नाआधीच्या नावाची मुभा दिली आहे. मुभा, म्हणजे जिला भांडता येतं तिच्यासाठी.

माहेरी मी हे बोलले तेव्हा चुलतभावाचं उत्तर तयार होतं: बायकांची नावं हा वेगळा विषय, आत्ता लेकरांच्या फी आणि नोकऱ्यांचं बघू दे. त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच म्हटलं असतं. पण त्याच आठवड्यात तो आपल्या आजीचं, म्हणजे माझ्याही आजीचं, माहेरचं आडनाव काय होतं हे घरभर विचारत फिरत होता. दोन चुलत्यांनी दोन वेगळी आडनावं सांगितली. आजीला विचारायची सोय राहिलेली नाही, आणि तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचंच नाव आहे.

लग्न नोंदवायचा कायदा महाराष्ट्रात १९९८ पासून आहे. तिथे दोन्ही बाजूंची माहिती दिली जातेच. तीच बाईच्या पुढच्या प्रत्येक दाखल्यावर ओढून न्यायला संगणकाच्या काळात काय अडतं, हे कुणीतरी मंत्रालयात विचारावं. आणि विवाहित स्त्रीसाठी सध्याची पद्धत चालू ठेवणारी ती तरतूद आधी खोडावी. सोयरा कोण, यावर त्यानंतर दोन्ही बाजूंनी खुशाल भांडावं; निदान भांडताना हातात आजीचा कागद असेल.